सरासरीत न दिसणारी वाडी

भारतात दरवर्षी अडीच कोटींहून अधिक मुलं जन्माला येतात. त्यांतल्या किती जणांना ठरलेले सगळे डोस मिळाले, याचा आकडा दिल्लीहून जाहीर होतो. त्यात एका टक्क्याचा फरक पडला तरी तो अडीच लाख मुलांचा फरक असतो. हा आकडा जुळवला जातो मात्र फार खाली, एखाद्या उपकेंद्राच्या व्हरांड्यात, नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये. तो का घसरतो हे समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

उदाहरणासाठी नेसरी घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातलं, चंदगडच्या रस्त्यावरचं हे मोठं गाव. प्रतापराव गुजरांमुळे महाराष्ट्राला त्याचं नाव ठाऊक आहे. आसपास लहान गावं आणि वाड्या, भाताची खाचरं, ऊस, काजू. आणि थोडं पुढे गेलं की कर्नाटकची हद्द. अशा भागात लसीकरणाचं काम कागदावर सोपं दिसतं. हजारेक वस्तीमागे एक आशाताई आणि तीन ते पाच हजारांमागे एक उपकेंद्र असतं. आशाताई घरोघरी फिरून कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिला आहे याची यादी करतात. ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात सत्र भरतं. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व बूस्टर. म्हणजे जन्माच्या वेळचे धरले तर दोन वर्षांत किमान सहा वेळा बाळाला सुईसमोर आणायचं असतं.

या सहा वेळांच्या मधे आयुष्य चालू असतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि या पट्ट्यात माहेर बऱ्याचदा बेळगाव जिल्ह्यात असतं. मग जन्माचे डोस एका राज्याच्या नोंदीत आणि पुढचे दुसऱ्याच्या. घरातला कर्ता मुंबईला असेल तर बाळ-बाळंतीण चार महिने तिकडे. गळीत हंगाम सुरू झाला की हरळी, हलकर्णीकडच्या कारखान्यांच्या परिसरात बाहेरून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या खोपीतल्या मुलांचं कार्ड गावाकडे राहिलेलं असतं, नाहीतर कधी तयारच झालेलं नसतं. ज्यांना परवडतं ते गडहिंग्लजच्या किंवा कोल्हापूरच्या खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जातात. त्यांचं मूल सुरक्षित असतं, पण रजिस्टरमध्ये नसतं. यातल्या कोणीही लसीला 'नको' म्हटलेलं नाही. तरी टक्केवारी खाली येते.

म्हणून लसीकरण कमी झालं की लगेच अफवेकडे बोट दाखवणं बरोबर नाही. अफवा आकडा पाडते, पण एकटी पाडत नाही.

आलेखाचा चढउतार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे पाहू. एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी मूलभूत लसी पूर्ण झालेली मुलं देशात २००५-०६ मध्ये सुमारे ४४ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ६२ टक्के झाली आणि २०१९-२१ मध्ये ७६ टक्के. हा आलेख सतत चढता आहे. महाराष्ट्राचा तसा नाही. १९९८-९९ मध्ये राज्यात हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होतं. २००५-०६ मध्ये ते ५९ वर आलं, २०१५-१६ मध्ये ५६ वर, आणि मग २०१९-२१ मध्ये पुन्हा सत्तरीच्या पुढे गेलं. पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेली आणि आज डोसच्या संख्येनं जगातली सर्वांत मोठी लस-उत्पादक असलेली सिरम इन्स्टिट्यूट ज्या राज्यात आहे, परळची हाफकिन संस्था ज्या राज्यात आहे, ते राज्य दीड दशकाहून अधिक काळ मागे सरकत होतं.

या घसरणीचं खापर मोबाइलवर फोडता येणार नाही. २००५ मध्ये व्हॉट्सअॅप जन्मालाही आलं नव्हतं. शहरांकडे वाढलेलं स्थलांतर, झोपडपट्ट्यांमधली अपुरी आरोग्य व्यवस्था, रिकामी पदं अशी कारणं अफवेच्या किती तरी आधीपासून आहेत.

देशभरातल्या अशा मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठी डिसेंबर २०१४ मध्ये 'मिशन इंद्रधनुष' सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१७ पासून त्याची तीव्र फेरी. त्या फेरीत, डोस राहिलेल्या मुलांच्या घरी जाऊन कारण विचारलं गेलं. जवळपास निम्म्या घरांचं उत्तर माहिती नसल्याचं किंवा गरज न वाटल्याचं होतं. सुमारे पाव घरांना लसीनंतरच्या त्रासाची भीती होती. इतर कारणांनी लसीलाच विरोध असलेली घरं साधारण दहातलं एक. बाकी कुटुंबं गावाबाहेर होती किंवा व्यवस्थेतच उणीव होती.

युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात याला दुजोरा मिळतो. ५५ देशांची पाहणी केली, त्यांपैकी ५२ देशांत 'मुलांसाठी लसी महत्त्वाच्या आहेत' असं मानणाऱ्यांचं प्रमाण कोविडच्या काळात घटलं. जिथे ते टिकलं किंवा वाढलं अशा तीन देशांत भारत होता. म्हणजे आपला समाज लसविरोधी नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख मुलांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा एकही डोस मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी हा आकडा ११ लाखांवर आला आणि २०२३ मध्ये पुन्हा १६ लाखांवर गेला. विश्वास शाबूत असूनही लाखो मुलं सुटतात. तशात ती मुलं देशभर सारखी विखुरलेली नसतात, ठराविक वस्त्यांमध्ये एकवटलेली असतात. अफवेचा खरा परिणाम इथे कळतो.

गोवराचं गणित

गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो. हा आकडा पंधरा धरला, तर साथ थांबण्यासाठी पंधरापैकी चौदा जण, म्हणजे ९३ टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित हवेत. शिवाय नवव्या महिन्यातला एक डोस शंभरपैकी साधारण ८५ मुलांनाच पुरेसं संरक्षण देतो. म्हणून दुसरा डोस लागतो आणि म्हणूनच दोन्ही डोसांसाठी ९५ टक्क्यांचं उद्दिष्ट असतं.

आता एक काल्पनिक तालुका घ्या. शंभर वाड्या, प्रत्येक वाडीत लहान मुलं पन्नास. नव्वद वाड्यांत लसीकरण ९७ टक्के आहे, पण दहा वाड्यांत काही कारणानं फक्त ४० टक्के. तालुक्याची सरासरी निघते ९१ टक्क्यांच्या वर. जिल्ह्याच्या बैठकीत या तालुक्याचं कौतुकच होईल. पण लस न मिळालेल्या एकूण ४३५ मुलांपैकी ३०० मुलं त्या दहा वाड्यांत आहेत. गोवर सरासरी वाचून येत नाही. भाताच्या खाचराचा बांध शंभर हात भक्कम असला तरी पाणी जातं ते जिथे खेकड्यानं भोक पाडलं तिथूनच. आणि एकदा गेलं की सगळं खाचर रिकामं होतं.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर हे मुंबईत प्रत्यक्ष घडलं. गोवंडीच्या रफीनगर वस्तीत दोन दिवसांत तीन मुलं दगावली आणि मग महापालिकेच्या लक्षात आलं की गोवर केव्हाच पसरला आहे. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण विस्कळित झालं होतं. दाट वस्ती, कुपोषण आणि सतत घरं बदलणारी कुटुंबं ही तिथली जुनी दुखणी. त्यांच्या जोडीला लसीबद्दलची शंकाही होती. राज्य सरकारनं डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. साथ असलेल्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्यात आला. अगदी लहान बाळांमध्ये रुग्ण जास्त होते तिथे सहा महिन्यांपासूनच डोस देण्याचं ठरलं. नकार देणाऱ्या घरांशी बोलायला डॉक्टरांबरोबर मौलवी आणि स्थानिक कार्यकर्ते गेले.

एक जुनी समजूतही यात आड आली. 'गोवर काय, निघतो नि जातो' असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. अंगावर पुरळ आलं की दवाखान्यापेक्षा कडुलिंबाचा पाला आधी आठवतो. बहुतेक मुलं बरी होतात हे खरंच आहे. पण गोवर शरीराची आठवणही पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातली इतर आजारांविरुद्धची प्रतिद्रव्यं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. त्यामुळे पुरळ मावळल्यानंतर कित्येक महिन्यांनी न्यूमोनिया किंवा जुलाब त्या मुलाला गाठतात आणि त्या आजारपणाचा दोष कोणी गोवराला देत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबई

लसीची भीती हा निरक्षरांचा किंवा एखाद्याच धर्माच्या लोकांचा प्रश्न आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं मुंबईचा प्लेग आठवावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, आत त्याला मारून टाकतात, असं लोक बोलत होते. अफवा खोटी होती, पण तिच्यामागचं निरीक्षण खोटं नव्हतं. रुग्णालयात नेलेले बहुतेक जण खरंच परत येत नव्हते, कारण प्लेगवर औषधच नव्हतं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या. त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे शाळेतल्या पुस्तकात आहे.

त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. सरकारी आदेशापेक्षा हे उदाहरण लोकांना अधिक पटलं. तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातले अनेक जण पुढे आले. आपला माणूस आधी टोचून घेतो का, हे लोक तेव्हाही पाहत होते.

मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले. मेलेल्या सगळ्यांना दिलेली लस एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांना निलंबित केलं गेलं. बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, म्हणजे चूक प्रयोगशाळेतली नसून गावात झालेली होती, हे पुढे आलं. तरी त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. लसीत दोष नव्हता, पण पाच वर्षं शंका मात्र सगळीकडे फिरत राहिली.

खरी ठिणगी

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळं दगावली. नेसरीच्या माणसाला बेळगाव जिल्हा परका नाही. तिथे बाजार असतो, दवाखाना असतो, सोयरे असतात. प्राथमिक चौकशीत लसीच्या साठवणीत आणि हाताळणीत हलगर्जीपणा झाल्याचं समोर आलं आणि दोन कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आलं.

अशा घटना कशामुळे घडू शकतात हे समजून घ्यायला हवं. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते आणि द्रावण मिसळून ती तयार करावी लागते. या लसीत जंतू वाढू न देणारं रसायन घालता येत नाही, कारण लसीतले जिवंत पण दुबळे केलेले विषाणू त्यानं मरतील. म्हणून एकदा मिसळलेली कुपी थंड ठेवूनही चार तासांत वापरायची, नाहीतर टाकून द्यायची, हा नियम अटळ आहे. तो मोडला तर कुपीत शिरलेले जंतू वाढतात आणि त्यांचं विष बाळाच्या रक्तात जातं.

या नियमाची दुसरी बाजूही आहे. एका कुपीत अनेक डोस असतात. सत्राला एकच बाळ आलं तर 'कुपी वाया जाईल, पुढच्या वेळी या' असं सांगितलं जाण्याचा धोका असतो. वाडीवरून चालत आलेली आई पुढच्या वेळी येईलच याची खात्री नसते. तिच्या बाळाचा डोस चुकला तर नोंद 'पालक उदासीन' अशीही होऊ शकते.

रामदुर्गच्या घटनेच्या वर्षभर आधी, ३१ जानेवारी २०२१ रोजी, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका पोलिओ केंद्रावर बारा मुलांना पोलिओऐवजी हातावर चोळायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. पण ज्या आईनं ही बातमी ऐकली तिला 'घाबरू नका, लस सुरक्षित आहे' एवढंच सांगून भागणार नाही. तिची भीती लसीची नाही, ती देणाऱ्या हाताची आहे. या दोन वेगळ्या भीती आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

उत्तर दिलं गेलं नाही तर काय होतं, हे प्रशांत महासागरातल्या सामोआ या लहानशा देशानं दाखवून दिलं. जुलै २०१८ मध्ये तिथे परिचारिकांनी लसीच्या पावडरीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं. दोन बाळं गेली. सरकारनं लसीकरणच काही महिने थांबवलं. त्या पोकळीत लसविरोधी प्रचारक शिरले आणि गोवराच्या पहिल्या डोसाचं प्रमाण तिशीच्या आसपास आलं. २०१९ च्या शेवटी गोवर आला आणि दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसं मेली, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. दोन मृत्यू चुकीमुळे झाले होते. बाकीचे त्या चुकीनंतर जे घडलं त्यामुळे.

खोटी ठिणगी

काही अफवा मात्र अशा कोणत्याही घटनेशिवाय, सरळ खोटेपणातून येतात. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरनं फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरचा लेख छापून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. पत्रकार ब्रायन डीअर यांनी त्यातली लबाडी उघड केली. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. पण मधल्या काळात इंग्लंडमधलं या लसीचं प्रमाण सुमारे ९२ वरून ८० टक्क्यांवर आलं होतं. यात घाबरलेले पालक शिकलेले, पेपर वाचणारे होते.

आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेलाची राज्यव्यापी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांची तीन कोटींहून अधिक मुलं हे लक्ष्य होतं. हीच मोहीम कर्नाटकात आणि गोव्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. नेसरीच्या पलीकडच्या गावांत पोरं टोचून घेऊन पावणेदोन वर्षं धडधाकट हिंडत होती, तरी मोबाइलवर 'या सुईनं मूल होत नाही' अशा चित्रफिती फिरत होत्याच. वंध्यत्वाची ही अफवा त्याआधी पोलिओच्या थेंबांबद्दल उत्तर प्रदेश-बिहारात फिरली होती आणि नंतर कोविडच्या लसीबद्दलही फिरली. लस बदलते, अफवा तीच राहते. कारण तिचं मूळ लसीत नसतं. 'सरकारला आमची संख्या कमी करायची आहे' या संशयात असतं.

कोविडच्या काळात नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात, लसीमुळे शरीरात चुंबकत्व आलं, अशी चित्रफीत देशभर पाहिली गेली. चुंबकाला न चिकटणारी नाणीही अंगाला चिकटतात, हे कोणी तपासलं नाही. घामट, तेलकट त्वचेला सपाट वस्तू चिकटते. त्वचा पुसून पावडर लावली की ती गळून पडते. हा प्रयोग घरी दोन मिनिटांत करता येतो. या अफवेनं किती जण लसीपासून दूर राहिले हे मोजणं अवघड आहे. पण सुईच्या भीतीनं आधीच पुढेमागे करणाऱ्या माणसाला तिनं एक सबब नक्की दिली. अफवेचं काम बहुधा एवढंच असतं: ठाम मताच्या माणसाला ती हलवत नाही, पण कुंपणावर बसलेल्याला घरी पाठवते.

तापाचा प्रश्न

घरात निर्णय कसा होतो, हे पाहिलं तर या चित्रफितींपेक्षा साध्या गोष्टी निर्णायक ठरतात. सहा आठवड्यांचा पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, डोस दिला की बऱ्याच बाळांना रात्री ताप येतो, मांडी सुजते. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे असं होतं आणि एक-दोन दिवसांत ते ओसरतं. बीसीजी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, कधी ती फुटून पाणी येतं आणि मग व्रण राहतो, तेही अपेक्षितच. हे आधी सांगितलेलं असेल तर आई पॅरासिटामॉल देऊन रात्र काढते. सांगितलेलं नसेल तर पहाटेपर्यंत आजीचा निकाल लागलेला असतो: 'चांगलं खेळतंय पोरगं, कशाला टोचून आणलंस? आता पुढचा डोस नको.' घटसर्पानं घसा मिटून मूल गेलेलं त्या आजीच्या आईनं पाहिलेलं असतं. आजच्या सुनेनं ते कधीच पाहिलेलं नाही. आजार दिसेनासा झाला की त्याच्या तुलनेत एका रात्रीचा ताप मोठा वाटू लागतो.

यासाठी सरकारी कार्यक्रमातच चार वाक्यं ठरवून दिलेली आहेत. आज कोणती लस दिली, तिनं काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणा. ही चार वाक्यं नीट बोलायला दोन मिनिटं लागतात. सत्रात चाळीस बाळं रडत असतील तर तेवढ्यानं सव्वा तासाहून अधिक वेळ जातो. नर्सबाई एकट्या असतील तर पहिली कात्री लागते ती या बोलण्यालाच. राष्ट्रीय आकड्यातले काही टक्के या दोन मिनिटांत हरवतात आणि ती मिनिटं मिळवायची तर रिकामी पदं भरण्याखेरीज उपाय नाही.

सक्ती आणि समजूत

नकार मोडायला सक्ती करावी का, हा प्रश्न दर वेळी येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कोविड लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन नाही, असा आदेश काढला. रांगा वाढतात हे अशा आदेशांनंतर दिसतं. पण मोठ्या माणसाला एका साथीत एकदा रांगेत उभं करणं वेगळं आणि आईनं बाळाला दोन वर्षांत सहा वेळा आपणहून आणणं वेगळं. दिल्ली उच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. अनेक आरोग्य अधिकाऱ्यांना ते अडचणीचं वाटलं असेल, पण संमती मागायची तर माहिती द्यावी लागते, आणि हेच तर राहून जात होतं.

पोलिओचा अनुभव याहून मोलाचा आहे. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते; जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे. दोन वर्षांनी, १३ जानेवारी २०११ रोजी, हावड्याजवळ शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त घोषित झाला. अधिक परिणामकारक लसीचा यात मोठा वाटा होता. पण उत्तर प्रदेशातल्या ज्या मोहल्ल्यांत दारं बंद होत होती, तिथल्या लोकांचा प्रश्न ऐकला गेला हेही तितकंच महत्त्वाचं. लोक विचारत, 'नाल्या तुंबल्यात, जुलाबाला औषध नाही, आणि तुम्ही महिन्या-महिन्याला हे दोन थेंबच घेऊन का येता?' हा प्रश्न रास्त होता. मग थेंबांबरोबर क्षारसंजीवनी, साबण, तपासणी शिबिरं आली. त्याच वस्तीतल्या बायकांना समन्वयक नेमलं गेलं. इमाम, शिक्षक, विद्यापीठांतले लोक बोलू लागले. लोकांचा संशय भाषणांनी हटला नाही. आपली तक्रार कोणीतरी नोंदवून घेतली आणि तिच्यावर काही केलं, हे दिसल्यावर तो विरला.

नेसरीच्या परिसरात याचा अर्थ काय? पहिला अर्थ असा की राहिलेल्या प्रत्येक मुलापुढे कारण लिहिलं जावं आणि ते 'उदासीन' किंवा 'विरोध' अशा एका शब्दात संपू नये. माहेरी गेलं, टोळीबरोबर गेलं, मागच्या वेळी ताप आला, कुपी उघडली नाही, सासऱ्यांनी नको म्हटलं: प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. टोळीच्या मुलासाठी कारखान्याच्या तळावर सत्र लागतं. सीमेपलीकडच्या नोंदीसाठी 'यू-विन'सारखी देशभर चालणारी नोंदणी उपयोगी पडते. तापाला घाबरलेल्या घरी दुसऱ्या दिवशी आशाताईंची फेरी व्हावी लागते. दुसरा अर्थ असा की जिल्ह्यानं सरासरीबरोबर सर्वांत मागे राहिलेल्या दहा वाड्यांची यादीही दर महिन्याला पाहावी, कारण साथ तिथूनच सुरू होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. कुठे लसीनंतर मूल दगावलं तर त्याची चौकशी होतेच. नियमानं जिल्हा समिती बसते, अहवाल वर जातो. पण तो अहवाल गावात क्वचितच परत येतो. दोष लसीचा होता, हाताळणीचा होता, की त्या बाळाला आधीच दुसरा आजार होता, हे ज्या वाडीला कळायला हवं तिला शेवटपर्यंत कळत नाही. ती जागा मग मोबाइलवरची चित्रफीत भरते. अहवाल निघाल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत उभं राहून, चूक असेल तर चूक म्हणून, तो मराठीत वाचून दाखवणं हे काम कोणत्याही जाहिरातीपेक्षा स्वस्त आहे आणि अंगावर घ्यायला कठीण. ते केलं जाईल तिथे पुढच्या अफवेला ऐकणारे कमी मिळतील, कारण झालेल्या चुकीची बातमी लोकांना बाहेरून कळण्याआधी ती आरोग्य केंद्रानंच सांगितलेली असेल.